तलवारीसाठी मखमली म्यान घरी कसं करावं

मखमलीचं म्यान बघणाऱ्याला फक्त कापड दिसतं, आणि म्हणून नवीन माणूस सुरुवात कापडाच्या दुकानातून करतो. तिथेच घोळ होतो. या कामातला बहुतेक वेळ लाकडात जातो. मखमल काहीही झाकत नाही, उलट खालचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक वाकडी कड उजेडात आणून दाखवते. त्यामुळे हा लेख निम्म्याहून जास्त सुतारकामाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

समोर धरली आहे ती मराठा धाटणीची नव्याने बनवलेली तलवार: सरळ लांब पात्याची धोप किंवा थोड्या बाकाची नेहमीची तलवार. म्यानाची रचना जुनीच. आत लाकडाची दोन फळकुटं, त्यांवर साध्या सुती कापडाचा थर, वर मखमल, तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ. मध्ययुगीन युरोपातली म्यानंही अशाच पातळ लाकडावर चामडं किंवा कापड चढवून होत असत, श्रीमंतांकडे मखमलही असे. तेव्हा तुमच्याकडे युरोपीय घडणीची सरळ दुधारी तलवार असेल तरी पायऱ्या याच. फक्त धातूच्या टोप्यांचा आकार बदलेल.

सुरुवातीआधी: जुनी तलवार आणि कायदा

घरात पिढीजात तलवार असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. तिचं जुनं, फाटकं म्यान काढून टाकून नवीन मखमल चढवणं म्हणजे इतिहास कचऱ्यात घालणं. पात्याला आणि म्यानाला हात न लावता संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

नवीन तलवारीबाबतही सावध राहा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, आणि पोलीस मनाईहुकूम असताना रस्त्यावर तलवार बाळगणं हा वेगळा गुन्हा होतो. म्हणून:

- धार न लावलेलं, बोथट पातंच घ्या, आणि विक्रेत्याकडून तसं लिहिलेलं पक्कं बिल घ्या.
- मिरवणुकीत किंवा मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकात न्यायची असेल तर आयोजकांनी घेतलेल्या परवानगीची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र सोबत ठेवा.
- मोजमापासाठी सुताराकडे किंवा तांबटाकडे तलवार घेऊन हिंडू नका. पुढे पुठ्ठ्याचा नमुना करायला सांगितलाय, तोच न्या.

साहित्य आणि हत्यारं

लाकूड: ८ मिमी जाडीची दोन फळकुटं, पात्यापेक्षा ५ सेंमी लांब आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंमी रुंद.
कापड: १ मीटर सुती मखमल, तेवढंच मांजरपाट, जोड झाकायला हवी असेल तर बारीक जरीची लेस.
चिकटवायला: सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारी गोंद) किंवा पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा), आणि मैद्याची खळ.
हत्यारं: लहान रंधा, सपाट पटाशी, गोल पटाशी, कानस, ८० ते २२० नंबरचे पॉलिश पेपर, बारीक करवत.
शिवायला: वाकडी सुई, मजबूत सुती दोरा, मेणाचा तुकडा, टाचण्या.
शिवाय सायकलची जुनी ट्यूब, निळा खडू, जाड पुठ्ठा आणि २२ गेजचा पितळी पत्रा.

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड आणि कसब्यातल्या तांबट आळीत पत्र्याचं काम एकाच फेरीत उरकतं. मुंबईत मखमलीसाठी मंगलदास मार्केट, जरी-लेससाठी भुलेश्वर.

१. पात्याचा पुठ्ठा काढा

तलवार पुठ्ठ्यावर आडवी ठेवून टोकदार पेन्सिल उभी धरून पात्याची कड काढा. पेन्सिल तिरकी झाली की एक-दोन मिलिमीटरची चूक होते आणि ती म्यानभर पुरते. पात्याची जाडी तीन ठिकाणी मोजून पुठ्ठ्यावरच लिहा: मुठीपाशी, मध्यावर, टोकाच्या चार बोटं आधी. पातं टोकाकडे पातळ होत जातं, सगळीकडे मुठीपाशीची जाडी धरून कोरलंत तर टोकाकडे पातं खुळखुळेल.

मुठीकडेही नीट बघून घ्या. आपल्याकडच्या मुठींना परजेच्या (मुठीच्या आडव्या पट्टीच्या) खाली पात्यावर उतरलेल्या दोन छोट्या पट्ट्या असतात. म्यानाचं तोंड या दोन पट्ट्यांच्या मधे शिरायला हवं. म्हणजे तिथली लाकूड, कापड आणि पितळ मिळून होणारी जाडी आधीच ठरलेली आहे. हे शेवटी लक्षात आलं तर मोहनाळ बसतच नाही.

२. लाकूड निवडा

हलकं, सरळ रेषांचं, पूर्ण वाळलेलं लाकूड हवं. माझी पसंती शिवणीला. हलकं असतं, कोरायला सोपं, आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही. पांगारा त्याहून मऊ, सावंतवाडीची खेळणी पारंपरिकरीत्या त्याचीच होतात. पण पातळ कोरल्यावर तो दाबाने चेपतो, त्यामुळे घरात टांगून ठेवायच्या म्यानापुरता ठीक. सागाचा मोह टाळा. साग टिकाऊ खरा, पण जड आहे आणि त्याच्या तेलामुळे चिकटवलेला जोड दगा देऊ शकतो.

तलवार बाकदार असेल तर फळकूट वाफेवर वाकवण्याच्या फंदात पडू नका. रुंद फळी घ्या आणि तिच्यातून बाकासकट आकार कापून काढा. लाकूड वाया जातं, पण आकार कायम राहतो. निवड तुमच्या हातात असेल तर पहिलं म्यान सरळ धोपेचंच करा. फार बाकाच्या, शमशेरीसारख्या पात्याला तर तोंडाजवळ पाठीच्या बाजूला उघडी फट ठेवावी लागते, नाहीतर पातं आत शिरतच नाही. ते काम पहिल्यांदा करण्याचं नाही.

३. आतली पोकळी कोरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दोन्ही फळकुटांच्या आतल्या बाजू समोर ठेवा आणि पुठ्ठा एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा ठेवून रेघ मारा. हा सापळा अगदी नेहमीचा आहे: दोन्हीकडे पुठ्ठा एकाच बाजूने ठेवला जातो आणि कोरून झाल्यावर दोन फळकुटं एकाच हाताची निघतात. सरळ दुधारी पात्यात ते खपून जातं, एकधारी किंवा बाकदार पात्यात सगळं लाकूड फुकट. रेघ मारल्याबरोबर दोन्हीकडे ‘पाठ’ आणि ‘धार’ असं लिहून टाका.

रेघेच्या बाहेर किती जागा सोडायची? पाठीच्या बाजूला अर्धा ते एक मिमी, धारेच्या बाजूला दीड ते दोन मिमी, आणि टोकापुढे ८ ते १० मिमी. पात्याचं टोक म्यानाच्या तळाला कधीही टेकता कामा नये. तलवारीचा भार मुठीने म्यानाच्या तोंडावर घ्यायचा असतो. टोक टेकत राहिलं तर काही दिवसांत ते लाकूड फोडून बाहेर येतं.

आता खोली. पात्याचा छेद पाचरीसारखा असतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. पोकळीही तशीच हवी. बहुतेक जण सपाट तळाची खाच कोरतात, मग तलवार आत डगमगते आणि खुळखुळ थांबवायला आत फेल्ट चिकटवला जातो. ते करू नका. फेल्ट ओल धरून ठेवतो आणि पात्यावर गंजाचे ठिपके उठतात. सपाट पटाशीने आधी रेघेवरून हलकी चीर द्या, मग गोल पटाशीने मधलं लाकूड थोडं थोडं उचला. पाठीकडे पात्याच्या निम्म्या जाडीइतकं खोल जायचं आणि धारेकडे जवळजवळ पृष्ठभागापर्यंत वर यायचं. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने पटाशी ढकललीत तर लाकूड फाटून वर येतं. फाटायला लागलं की फळकूट फिरवून दुसऱ्या टोकाकडून कोरा.

कोरणं जमणारच नसेल तर एक सोपा मार्ग आहे: तीन थरांचं म्यान. मधल्या थरात पात्याचा आकार आरपार कापायचा आणि वर-खाली दोन पातळ फळकुटं लावायची. सरळ पात्यासाठी चालतं. म्यान जाड दिसतं आणि पातं थोडं हलतं, एवढं मान्य असेल तर करा.

४. चिकटवण्याआधी तपासा

फळकुटं एकमेकांवर ठेवून ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा आणि पातं हळूच घाला. अडलं तर जोर लावू नका. पात्याला निळा खडू घासा, पुन्हा घाला, काढा, फळकुटं उघडा. जिथे निळं लागलंय तिथेच लाकूड अडतंय, तेवढंच खरवडा. हे कंटाळवाणं आहे आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं. खडूऐवजी तेल-काजळ लावू नका, तेल लागलेल्या लाकडावर पुढे डिंक धरत नाही.

तलवार मोकळेपणाने सरकते, पण म्यान उलटं धरल्यावर आपोआप खाली पडत नाही, ही योग्य अवस्था. पकड फक्त तोंडाजवळच्या दोन-अडीच सेंमीत हवी. तिथे ढिलं वाटलं तर आतून लाकडाचा कागदाइतका पातळ कपचा चिकटवा. चामड्याची पट्टी लावायचा सल्ला अनेक जण देतात. पण कमावलेल्या चामड्यातली रसायनं लोखंडाला त्रास देतात आणि ती जागा नेमकी पात्याला घट्ट चिकटून असते.

५. फळकुटं जोडा

आत एकही भुसा किंवा खडूचा कण राहू देऊ नका, ब्रशने साफ करा. राहिलेला कण प्रत्येक वेळी पात्यावर ओरखडा काढेल.

जोडायला जुने सुतार सरस वापरत. त्याचा मोठा फायदा असा की गरम ओल दिली की जोड पुन्हा उघडता येतो. जपानी कारागीर याच कारणासाठी म्यान भाताच्या खळीने जोडतात. आत गंज-घाण साठली तर म्यान उघडून साफ करता यावं म्हणून. बाजारचा पांढरा डिंक सोपा आणि मजबूत, पण वाळताना आणि नंतरही काही काळ तो अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडतो, आणि बंद जागेत ती लोखंडावर चढते. म्हणून तो वापरलात तर म्यान तोंड उघडं ठेवून आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, पात्याविना ठेवा.

डिंक पोकळीच्या कडेपासून दोन मिमी लांब, पातळ लावा. फळकुटं जुळवा आणि सायकलची ट्यूब ताणून सगळ्या लांबीवर गुंडाळा. महागडे शिकंजे नसले तरी चालतं, ट्यूबचा दाब सगळीकडे सारखा पडतो. लगेच एका पातळ काठीला कोरडी चिंधी बांधून आतून फिरवा, म्हणजे आत आलेला डिंक निघून जाईल. तलवार आत ठेवून चिकटवू नका. पातं आतच अडकून बसलेली म्यानं मी पाहिली आहेत, शेवटी ती फोडावीच लागतात.

६. बाहेरून आकार द्या

रंध्याने भिंती तीन मिमीपर्यंत उतरवा, पाठ आणि धार या कडांना मात्र पाच मिमी भरीव लाकूड राहू द्या. तिथेच जोड आहे आणि तिथेच पुढे चुका (बारीक खिळे) ठोकायच्या आहेत. छेद चपट्या लंबगोलासारखा करा. कुठेही टोकदार कंगोरा नको, मखमल सगळ्यात आधी कंगोऱ्यावर झिजते.

मोहनाळ आणि तहनाळ बसणार तिथलं लाकूड पत्र्याच्या जाडीइतकं आणखी उतरवा, म्हणजे पितळ आणि मखमल जवळजवळ एका पातळीत येतील. शेवटी डोळे मिटून हात फिरवा. हाताला जे लागेल ते मखमलीतून दिसणार आहे.

७. मांजरपाटाचा थर

ही पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. सुती कापडाचा घट्ट थर दोन्ही फळकुटांना बाहेरून बांधून ठेवतो आणि मखमलीला धरायला खरखरीत तळ देतो.

खळ अशी: एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गाळून गार करा. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. इथे ते नको. मोरचूद लोखंडाला गंजवतं आणि खळीची ओल लाकडातून आत उतरू शकते.

कापड धुऊन, वाळवून मग वापरा. खळ लावून एकच वेढा द्या, कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवा, चढवल्या तर मखमलीवर तिथे लांब रेघ दिसेल. दोन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर लाकूड पिळतं.

८. मखमल चढवा

सुती मखमल घ्या, पातळ विणीची. सोफ्याची जाड मखमल तोंडाशी मावत नाही. पॉलिएस्टरची ताणली जाणारी मखमल बाकावर छान बसते, पण तिची चमक नाटकाच्या कपड्यांसारखी दिसते. मंचावर वापरायचं असेल तर खुशाल घ्या. गडद लाल किंवा हिरव्या कापडाचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग सुटत असेल तर खळीच्या ओलीनेही सुटेल.

लव कोणत्या दिशेला जाते ते हाताने बघा आणि ती तोंडाकडून टोकाकडे उतरेल असं कापड ठेवा. सरळ म्यानाला कापड सरळ, बाकदार म्यानाला उरेब (विणीला तिरकं) कापा. उरेब कापड बाकाच्या बाहेरच्या कडेला ताणतं आणि आतल्या कडेला सुरकुती पडू देत नाही.

रुंदी ठरवायला कागदाची पट्टी म्यानाभोवती तोंडाशी, मध्यावर आणि टोकाशी गुंडाळून घेर मोजा. दोन्ही कडांना एक सेंमी आत दुमडायला धरा. दुमडल्यावर कापडाचा घेर म्यानाच्या घेरापेक्षा दोन-तीन मिमी कमी भरायला हवा. ही फट टाके ओढून मिटवतील आणि तोच ताण मखमल गच्च बसवेल. बरोबर मापाचं कापलेलं कापड महिन्याभरात सैल पडतं.

खळ मखमलीला लावायची नाही, म्यानाला लावायची. तीही फक्त दर्शनी बाजूला, पातळ. बोटाला चिकटेल पण ओली लागणार नाही इतकी सुकू द्या आणि मग कापड मधून कडांकडे तळव्याने दाबत बसवा. खळ लवेतून वर आली की तो डाग जात नाही. पुसायला गेलात तर लव चिकटून टक्कल पडतं. कडा टाचण्यांनी धरा, कपड्यांचे चिमटे लावू नका, त्यांचे ठसे राहतात.

जोड अंगाकडच्या बाजूच्या मधोमध घ्या. दोऱ्याला मेण लावा. तोंडाकडून सुरुवात करून सुई एकदा या कडेच्या घडीतून चार-पाच मिमी, मग समोरच्या कडेच्या घडीतून तितकीच, अशी शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवी नेत चला. पाच-सहा टाके झाले की दोरा ओढा, कडा मिटतात आणि टाके आत लपतात. मधेच लव टाक्यात अडकली तर सुईच्या टोकाने बाहेर काढा. वरून जरीची लेस लावायची असेल तर तीही शिवूनच, गरम गोंदाची बंदूक इथे विसरा.

चुरगळलेल्या लवेवर इस्त्री फिरवू नका. किटलीच्या वाफेपासून वीतभर लांब धरा आणि मऊ ब्रशने उभी करा.

९. मोहनाळ आणि तहनाळ

म्यानाच्या टोकाशी आणि तोंडाशी कागद गुंडाळून नमुने काढा. टोकाच्या आकाराचा लाकडी ठोकळाही करून ठेवा, पत्रा त्यावरच वळवायचा असतो. पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून गार केलं की मऊ होतं. मग लाकडी हातोडीने वळवा आणि पाठीमागचा जोड डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) लावून बंद करा. हे घरी जमत नसेल तर नमुने आणि ठोकळा तांबटाकडे द्या, तोच शहाणपणाचा मार्ग.

तहनाळ चढवताना लव उलटी घासली जाते. म्हणून मखमलीवर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी ठेवा, टोपी तिच्यावरून सरकवा आणि पट्टी ओढून काढा. बारीक पितळी चुका फक्त भरीव कडांमध्ये ठोका. सपाट बाजूने ठोकलेली चूक आत पोकळीत निघते आणि पात्यावर रेघ ओढत राहते.

मखमल चढली की म्यान जाड होतं, म्हणून मोहनाळीचं शेवटचं माप मखमल बसल्यावरच घ्या.

१०. लटकवणं

शेल्यात खोवायचं असेल तर काहीच नको. खांद्याच्या पट्ट्याला अडकवायचं असेल तर मोहनाळीवर एक आणि तिच्या खाली वीतभर अंतरावर दुसऱ्या पितळी पट्टीवर एक अशा दोन कड्या, दोन्ही पाठीच्या कडेला.

११. वापर आणि निगा

तलवार उपसताना डाव्या हाताची बोटं म्यानाच्या धारेच्या कडेवर गुंडाळू नका. जोड कधी उघडला तर पातं त्याच फटीतून बाहेर येतं. पकड दोन सपाट बाजूंवर ठेवा आणि पातं पाठीवर घासत बाहेर काढा.

खंडेनवमीला पूजा करताना तलवार म्यानाबाहेर वेगळी ठेवा. हळदीचा डाग मखमलीतून जात नाही आणि ओल्या फुलांखाली एका रात्रीत पात्यावर गंज धरतो. पूजेनंतर पातं पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन, जादा तेल टिपून मगच आत घाला. खोबरेल तेल नको, ते कालांतराने चिकट होतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जून ते सप्टेंबर पातं आणि म्यान वेगवेगळं ठेवा. मखमलीला बुरशीचा पांढुरका थर आला तर आधी पूर्ण वाळू द्या आणि मग घराबाहेर नेऊन ब्रशने झटका. ओली असताना घासली तर बुरशी लवेत आत जाते.

मखमल सर्वात आधी मोहनाळीच्या खालच्या काठाशी झिजते. तेवढ्यासाठी सगळं म्यान उलगडू नका. मोहनाळ काढा, जोडाचे वरचे चार बोटं टाके उसवा, झिजलेला भाग आत जाईल इतकं कापड वर ओढून पुन्हा शिवा. म्हणूनच पहिल्यांदा कापताना तोंडाकडे दोन सेंमी कापड जास्त ठेवून मोहनाळीच्या आत दुमडून टाकायचं.